मुलगा कसा आहे हो?

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी साडेआठला फोन वाजला. भारतातला नंबर, ओळखीचा नाही. मी किचनमध्ये पोहे भिजवत होते, नवरा अजून झोपलेला, बाहेर आमच्या मँचेस्टरचा तो ना धड पडणारा ना धड थांबणारा पाऊस. एरवी अनोळखी नंबर मी उचलत नाही पण भारतातून अवेळी फोन आला की पोटात गोळा येतोच, म्हणून ओल्या हातानेच उचलला.

पलीकडे एक बाई, आवाजावरून माझ्या आईच्या वयाच्या. ठाण्याहून बोलतेय म्हणाल्या. तुमचा नंबर अमकीच्या वहिनीकडून तमकीने काढून दिला, राग मानू नका हं, असं सगळं आधी झालं. मग जरा थांबून, "आमच्या भाचीला एक स्थळ आलंय. मुलाचं हे दुसरं लग्न आहे. पहिली बायको तुमची मावसबहीण होती असं कळलं. आम्हाला बाकी काही खोदून काढायचं नाहीये ताई, एवढंच सांगा, मुलगा कसा आहे हो?"

मी गप्प. खरंच गप्प. पोह्यातलं पाणी काढायचं राहिलं, त्यांचा पार लगदा झाला.

तर आज हे त्यावर. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

मावसबहिणीला इथे मनू म्हणते. २०१७ ला लग्न झालं, आमच्या खान्देशातल्याच एका गावात, साताठशे पानं उठली. चौकशी व्हायची तेवढी सगळी झाली होती बरं का. शेती किती, पुण्यातला फ्लॅट कोणाच्या नावावर, पगाराची स्लिप, मामेकुळ, देवक, चष्मा आहे का, घरात कोणाला कोड वगैरे आहे का. मुलाचा आधी एकदा साखरपुडा मोडलाय हेही कळलं होतं. का मोडला विचारलं तर पत्रिकेत काहीतरी निघालं म्हणे. बरं, आपल्याकडे हे इतकं कॉमन आहे की त्यावर कोणी थांबलंच नाही, माझे काका तर म्हणाले देवाने आपल्यासाठी राखून ठेवला होता मुलगा.

दीड वर्षाने मनू एका रात्री फक्त पर्स घेऊन शेजारच्या काकूंकडे गेली. त्याच्या आधीचं सगळं मी लिहिणार नाही, ते तिचं आहे. एकच सांगते. त्या काकूंच्या गव्हाच्या कोठीत तळाशी एका प्लास्टिकच्या पिशवीत मनूची दहावी-बारावीची मार्कशीटं, डिग्री आणि पासपोर्ट होता. चार महिने आधी तिने एकेक करून नेऊन ठेवला होता. काकू दर वेळी दळणाला गहू काढताना ती पिशवी बाजूला करायच्या आणि परत तळाशी ठेवायच्या, घरात कोणाला बोलल्या नाहीत. मनूचा डावा कान आजही नीट ऐकत नाही पण मला आठवत राहते ती गव्हाची कोठी.

मग जे होतं तेच झालं. पोलीस स्टेशनला आधी एनसी (नुसती अदखलपात्र नोंद) घेतली आणि घरातलं घरात मिटवा म्हणाले. नंतर वकील केला, २००५ च्या डीव्ही (कौटुंबिक हिंसाचार) अ‍ॅक्टखाली अर्ज टाकला, प्रोटेक्शन ऑफिसरकडे जबाब झाला, तारखा पडायला लागल्या. कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख तीन दिवसात लावा आणि अर्ज साठ दिवसात निकाली काढायचा प्रयत्न करा. मनूच्या केसला दोन वर्षं गेली आणि त्यात निकाल लागलाच नाही, कारण मध्येच बैठक बसली. दोन्हीकडची मोठी माणसं, एक निवृत्त मास्तर, चहा-बिस्किटं. ठरलं काय तर म्युच्युअल डिव्होर्स, हिने केस मागे घ्यायची, पोटगी सोडायची, त्याने दागिने परत करायचे. आणि कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात दिलेल्या तडजोडीच्या अटींत, ते नेहमीचं कलम, की दोन्ही पक्ष यापुढे एकमेकांच्या आयुष्यात ढवळाढवळ करणार नाहीत, एकमेकांची बदनामी करणार नाहीत.

मनूला सही करायची नव्हती. तिचं म्हणणं होतं की निकाल लागू दे, कागदावर येऊ दे काय केलं ते. तिला समजावलं कोणी? मी. इथून, व्हिडिओ कॉलवर, पाऊण तास. "सही करून टाक मनू, मोकळी हो, कशाला तुझी वर्षं घालवतेस त्याच्यापायी." मला त्या वेळी वाटलं मी तिच्या भल्याचं सांगतेय. आणि अजूनही, खरं सांगू, मी चुकले असं छातीठोक म्हणता येत नाही, तिने पुढे नोकरी धरली, आता नाशिकला स्वतःचं घर केलंय, मजेत आहे. पण त्या सहीने अजून एक गोष्ट झाली, जी मला त्या रविवारी ओल्या हातात फोन धरून उभी असताना कळली. त्याचं रेकॉर्ड धुऊन निघालं. आणि ज्या एका बाईला सगळं माहीत होतं तिच्या तोंडाला कोर्टाच्या कागदाने कुलूप लागलं.

मी त्या ठाण्याच्या मावशींना म्हणलं, मला जरा वेळ द्या, संध्याकाळी फोन करते.

आता इथलं सांगते, कारण दिवसभर माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. मी एका शाळेच्या ऑफिसात पार्टटाईम काम करते. तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई आहे, जूली म्हणू, दोन मुलं, नवऱ्यापासून वेगळी झालेली. दोनेक वर्षांपूर्वी तिला कोणीतरी भेटला, चांगला होता दिसायला-वागायला, फुलंबिलं आणायचा. एक दिवस लंचला मला सहज म्हणाली की तो माझ्या फोनचा पासवर्ड मागतोय, प्रेमाने मागतोय पण मागतोय. आणि पुढच्या आठवड्यात म्हणाली, मी क्लेअर्स लॉखाली अर्ज केलाय.

म्हणजे जोडीदाराने आधी कोणाला छळलंय का हे पोलिसांना विचारायची इथली सोय. मला तोपर्यंत हे नाव माहीत नव्हतं आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) ही क्लेअर आमच्या इथलीच. मी राहते तिथून बसने वीस मिनिटांवर सॉल्फर्ड आहे, मँचेस्टरला अगदी चिकटून. क्लेअर वूड तिथे राहायची, ३६ वर्षांची, एक मुलगी. फेसबुकवर एका माणसाशी ओळख झाली, जॉर्ज अ‍ॅपलटन. त्या माणसाने आधीच्या बायकांना छळल्याचं, धमकावल्याचं, एकीला चाकूच्या धाकाने पळवून नेल्याचं सगळं पोलिसांच्या कॉम्प्युटरमध्ये होतं, त्यासाठी तो आत जाऊन आला होता. क्लेअरला यातलं काही माहीत नव्हतं. कळायला लागलं तेव्हा तिने संबंध तोडला, पोलिसांकडे पुन्हा पुन्हा तक्रारी केल्या. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याने तिच्या घरात घुसून तिचा गळा दाबला आणि पेटवून दिलं. नंतर स्वतः फास लावून घेतला.

तिचे वडील मायकल ब्राऊन, तुरुंगात नोकरी केलेला माणूस. त्यांनी एकच धोशा लावला, की माझ्या मुलीला हा कोण आहे हे आधी कळलं असतं तर ती राहिलीच नसती त्याच्याजवळ. २०११ मध्ये तिच्या मृत्यूच्या चौकशीत कॉरोनरनेही (अशा मृत्यूंची चौकशी करणारा इथला अधिकारी) म्हणलं की अशा माणसांचा इतिहास जोडीदाराला कळायची काहीतरी सोय हवी. तिथल्या खासदार हेझल ब्लिअर्स मागे लागल्या. २०१२ ला चार ठिकाणच्या पोलिसांनी अशी सोय आधी करून बघितली, ग्रेटर मँचेस्टर त्यात होतंच, आणि ८ मार्च २०१४ ला, महिला दिनालाच, इंग्लंड आणि वेल्समध्ये सगळीकडे सुरू झालं. पुढच्या वर्षी स्कॉटलंडने केलं, २०१८ ला उत्तर आयर्लंडने. कॅनडातल्या सस्कॅचवान आणि अल्बर्टा प्रांतांनी तर कायद्याचं नावच क्लेअर्स लॉ ठेवलंय.

नावात लॉ असलं तरी इथे सुरवातीला हा वेगळा कायदा नव्हताच. पोलिसांकडे माहिती उघड करायचा अधिकार आधीपासून होता, तो कधी आणि कसा वापरायचा याची ती योजना. २०२१ च्या घरगुती अत्याचाराच्या कायद्याने तिला नीट पाया दिला. दोन बाजू आहेत. एक, तुम्ही विचारू शकता. तुम्हीच असं नाही, तुमची आई, मैत्रीण, शेजारीण, कोणीही काळजीपोटी अर्ज करू शकतं, फक्त उत्तर मिळणार ते जिला धोका आहे तिला किंवा तिला वाचवू शकेल अशा माणसाला. आणि दोन, तुम्ही विचारलं नाही तरी पोलिसांना कळलं की हा माणूस आता या बाईबरोबर राहतोय, तर ते आपणहून येऊन सांगू शकतात. ही दुसरी बाजू मला फार भारी वाटते. आपण एखाद्याच्या प्रेमात पडलोय आणि दारात पोलीस येऊन म्हणतात जरा बसू का.

जूलीने ऑनलाईन फॉर्म भरला. त्यातला एक प्रश्न तिने मला दाखवला, तो माझ्या लक्षात राहिलाय. कोणत्या वेळी फोन केला तर तुम्हाला सेफ आहे आणि व्हॉइसमेल ठेवला तर चालेल का. म्हणजे फॉर्म करणाऱ्याला माहितीय की फोन दुसरंच कोणी उचलू शकतं. मग तिची समोरासमोर भेट झाली, ओळखपत्र बघितलं, का वाटतं असं विचारलं. मग पोलीस आपल्या रेकॉर्डमध्ये बघतात, लागलं तर प्रोबेशनवाले (सुटलेल्या गुन्हेगारांवर देखरेख ठेवणारे), सोशल सर्व्हिसवाले यांच्याशी बोलतात आणि ठरवतात की सांगायची गरज आहे का. शिक्षा झालेलीच केस लागते असं नाही, आधीच्या तक्रारी, पोलिसांना मिळालेली माहिती हेही धरतात. पूर्वी यासाठी ३५ दिवस होते, आता २८ केलेत.

तिच्याकडे दोन ऑफिसर आले. तिच्या किचनच्या टेबलाशी बसले. तोंडी सांगितलं, हातात कागद दिला नाही, उलट तिचीच सही घेतली की हे मी कोणाला सांगणार नाही, स्वतःच्या आणि मुलांच्या सुरक्षेपुरतंच वापरीन. त्यामुळे तिला काय सांगितलं ते मला आजपर्यंत माहीत नाही. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. एवढंच कळलं की दुसऱ्या दिवशी ती अर्धी रजा टाकून लवकर गेली, कारण कुलूपवाला यायचा होता.

हे सगळं ऐकून मी भारावून गेले होते. मग थोडं वाचलं तर कळलं की इतकं काही सरळ नाहीये. इथल्याच रेफ्यूज या बायकांसाठी काम करणाऱ्या मोठ्या संस्थेने सुरवातीला याला विरोध केला होता. त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. क्लेअरला शेवटी माहीत झालं होतंच ना, ती सोडून आली होती, पोलिसांना फोन करत होती, आणि पोलीस कमी पडले. नंतरच्या स्वतंत्र चौकशीत पोलिसांच्या चुका निघाल्या. म्हणजे तिला माहितीही लागत होती आणि माहिती झाल्यावर दारात वेळेवर पोचणारी गाडीही. शिवाय बहुतेक मारणाऱ्यांविरुद्ध कधी कोणी तक्रारच केलेली नसते. मग पोलिसांचं उत्तर येतं सांगण्यासारखं काही नाही, आणि बाई समजते चला, माणूस चांगला आहे. तसं समजू नका हे ते सांगतात म्हणे, पण कोण ऐकतंय, मनाला जे ऐकायचंय तेच ऐकू येतं.

आणि आपल्या लोकांसाठी अजून एक मोठी फट. इथल्या पोलिसांच्या रेकॉर्डमध्ये मुख्यतः इथलंच असतं. मनूचा नवरा उद्या वर्क व्हिसावर लीड्सला आला आणि इथल्या एखाद्या मराठी मुलीने त्याच्यासाठी अर्ज केला, तर खान्देशातल्या एका तालुका कोर्टातला मागे घेतलेला डीव्हीचा अर्ज इथे कोणाला दिसणार? उलटंही तसंच. इथे एखाद्याने बायकोला मारलं, पोलीस येऊन गेले, आणि तो पुढच्या डिसेंबरमध्ये तीन आठवड्यांच्या रजेत सांगलीला जाऊन दुसरी करून घेऊन आला, तर त्या मुलीच्या बापाला लंडनच्या पोलिसांचा फॉर्म कोण भरून देणार. लग्नाआधी परदेशातल्या मुलाबद्दल आपण काय विचारतो, तर पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, आहे का.

बरं, दुपारपर्यंत माझा नवरा उठला, त्याला सगळं सांगितलं. त्याचं पहिलंच वाक्य, "हे आपल्याकडे आणलं तर खोट्या केसवाल्यांचं काय?" मला राग आला पण प्रश्न चुकीचा नाही. आपल्याकडे ४९८अ (सासरच्या छळाचं कलम, आता न्याय संहितेत कलम ८५) म्हटलं की निम्मे पुरुष लगेच हात वर करतात, सुप्रीम कोर्टानेही २०१४ ला अर्नेश कुमारच्या केसमध्ये उठसूट अटक करू नका म्हणून सांगितलंय. माझी भीती मात्र वेगळी आहे. इथे दोन ऑफिसर येऊन हळू आवाजात सांगून जातात, आपल्याकडे अशी फाईल कोणी मागितली तर संध्याकाळपर्यंत ती चहाच्या टपरीवर वाचली जाईल, आणि त्यात नाव फक्त त्याचं नसेल, तक्रार करणाऱ्या आधीच्या बाईचंही असेल. तिने आयुष्यभर लपवलेलं सगळं गावभर. त्यामुळे क्लेअर्स लॉ उचलून जसाच्या तसा आणा असं मी म्हणत नाही.

पण मग आपल्याकडे विचारायची सोय आहे कुठे हे मी बघायला बसले आणि खरंच सांगते, वैताग आला. भाडेकरू ठेवायचा तर पोलीस व्हेरिफिकेशन. ड्रायव्हर ठेवायचा, घरकामाला बाई ठेवायची, तरी पोलिसांकडे फोटो द्या. कंपनीत लागायचं तर कॅरेक्टर सर्टिफिकेट आणा. जावई मात्र बिनव्हेरिफिकेशनचा. ते सर्टिफिकेटसुद्धा ज्याचं त्यानेच काढायचं असतं, दुसऱ्याचं आपल्याला मिळत नाही. आरटीआय टाकला तर खाजगी माहिती म्हणून नाही म्हणतात. २०१८ मध्ये केंद्राने लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस केला, पण तो फक्त पोलिसांना दिसतो, आणि त्यात बायकोला मारणारा येतच नाही. २०१६ ला मॅट्रिमोनी साईटसाठी केंद्राने नियमावली काढली, त्यात ओळखपत्र घ्या, खरी माहिती भरून घ्या असं आहे. म्हणजे माणूस खरा आहे एवढं कळेल. खरा माणूस पट्ट्याने मारतो का ते नाही कळणार.

२००५ चा कायदा खरं तर चांगला आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या बाईलाही त्यात संरक्षण आहे, घरातून काढू नका असा हुकूम मिळतो, जवळ येऊ नका असा मिळतो, आणि हुकूम मोडला तर वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण तो सगळा झाल्यानंतरचा. आधी कळायचं काय? नि ज्या बाईने कळवलं तिचं कळवलेलं पुढे टिकतं का?

श्रद्धा वालकरचं आठवत असेल. वसईची मुलगी. नोव्हेंबर २०२० मध्ये तिने पोलिसांना लेखी दिलं होतं की जोडीदार मारतो, जिवे मारून तुकडे करीन म्हणतो. डिसेंबरमध्ये तिनेच सांगितलं की आमचं मिटलंय, कारवाई नको. तक्रार बंद. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला असा पोलिसांचा आरोप आहे, ती केस कोर्टात आहे. नोव्हेंबरमध्ये ते पत्र टीव्हीवर आलं आणि सगळा महाराष्ट्र हळहळला. आणि त्यानंतर महिनाभरात आपल्या राज्य सरकारने काय केलं तर आंतरधर्मीय लग्नांची माहिती ठेवायला समिती नेमली. मुलाचा धर्म काय हे बघायला समिती निघाली, त्याने आधी हात उचललाय का हे बघायला नाही. त्या पत्रात तिने लिहिलेलं तर मारहाणीबद्दल होतं. तरी आपण सगळे दुसरंच बोलत बसलो.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट टोचते. कोणत्याही माणसाचा "इतिहास" म्हणजे काय असतो? आधीच्या बाईने तो कागदावर आणला तर इतिहास, नाहीतर नुसत्याच गप्पा. क्लेअरला सांगता आलं असतं कारण आधीच्या बायकांनी तक्रारी केल्या होत्या, साक्षी दिल्या होत्या, त्याला आत पाठवलं होतं. आणि आपण सगळे, घरचे, वकील, मास्तर, मी, अगदी कोर्टसुद्धा, त्या बाईला काय सांगतो, मिटव. २००३ पासून सुप्रीम कोर्टच म्हणतंय की तडजोड झाली असेल तर हायकोर्टाने ४९८अ ची केस रद्द करायला हरकत नाही, बाईला पुढचं आयुष्य मोकळं मिळावं म्हणून. हेतू चांगला आहे. बाई मोकळी होते. तोही मोकळा होतो, आणि तो मोकळा झाला की ठाण्याला स्थळ जातं.

असो. संध्याकाळी मी आधी मनूला फोन केला. म्हणलं असा असा फोन आलाय. ती खूप वेळ काही बोलली नाही, मागे तिच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मग म्हणाली, "मी बोलू शकत नाही ताई, मी सही केलीय. तू कुठे केलीयस?"

म्हणून मी केला ठाण्याला फोन. खूप विचार करून, कारण मलाही भीती वाटत होती, तोंडी काहीतरी बोलायचं आणि उद्या तो बदनामीची नोटीस पाठवायचा. मी त्यांना म्हणलं, मावशी, माझं मत मी सांगणार नाही, तुम्ही एक करा, ई-कोर्ट्सची, म्हणजे कोर्टातल्या केसेस दाखवणारी सरकारी साईट उघडा. ती सगळ्यांना खुली आहे, पैसे लागत नाहीत. राज्य निवडा, जिल्हा निवडा, मग कोर्ट कॉम्प्लेक्स. केस स्टेटसमध्ये पार्टी नेमवर जा, मुलाचं नाव इंग्रजीत टाका, वर्ष मी सांगते ते टाका. खाली पेंडिंग, डिस्पोज्ड असं विचारतं, तिथे डिस्पोज्डवर टिक करा, बरेच जण पेंडिंगवरच बघतात आणि काही नाही म्हणून बंद करतात. नावाचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा, कोर्टातले क्लार्क कसंही लिहितात. काही केसमध्ये नाव झाकलेलं असतं, ते दिसणार नाही, पण ही दिसते, मी मगाशीच बघितलीय.

त्यांनी भाच्याला बोलावलं, म्हणजे मुलीच्या भावाला, तो लॅपटॉप घेऊन बसला, मी फोनवर. कॅप्चा दोनदा चुकला. मग तिसऱ्यांदा पान उघडलं आणि तो मोठ्याने वाचायला लागला, तारीख, केसचा प्रकार, पुढे कायद्याचं नाव, आणि तिथे तो थांबला. मावशी मागून विचारतायत काय रे काय. तो म्हणाला, "आत्या, ते डोमेस्टिक व्हायोलन्स लिहिलंय."

मग मावशी फोनवर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पण मागे घेतलीय ना केस तुमच्या बहिणीने? म्हणजे तसं काही नसेल."

काय बोलणार. मी म्हणलं, मावशी, का मागे घेतली ते मला विचारा, कारण मीच घ्यायला लावली. आणि मग मी मत सांगणार नव्हते ते अर्धा तास सांगत बसले. गव्हाच्या कोठीचंही सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही, शेवटी फक्त "बरं बाळा" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दोन आठवडे काही नाही. मी मनूला म्हणलंही, बहुतेक ठरलं वाटतं. मग परवा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, वर गणपतीचा फोटो, खाली,

"नमस्कार ताई. त्यांना नकार कळवला. तुमचे आणि तुमच्या बहिणीचे उपकार आहेत. तुमचं नाव कुठे येऊ दिलं नाही, काळजी नसावी. त्या लोकांना पत्रिका जुळत नाही असं सांगितलंय, उगाच वाईटपणा कशाला."